खंड पडता कामा नये!

आज १ डिसेंबर. १९८८ सालापासून हा दिवस जगभर एड्स दिन म्हणून पाळला जातो. आज सकाळी मुंबईत, पुण्यात, नागपुरात प्रभातफेऱ्या निघतील, कोटांवर लाल फिती टोचल्या जातील, मंत्रिमहोदयांची भाषणे होतील, आणि दिवस मावळण्याच्या आत त्या फिती मेजांच्या खणांत जाऊन पडतील. या वार्षिक विधीला आमची हरकत नाही. विधीच्या निमित्ताने का होईना, विसरलेल्या माणसांचे स्मरण होते. परंतु ज्या एका गोष्टीचे स्मरण या दिवशी अगत्याने व्हावयास हवे, तिचा उच्चारही आजच्या भाषणांतून होणार नाही, अशी रास्त शंका आम्हांस येते. म्हणून एरवी राज्यकारभाराच्या मोठ्या घडामोडींसाठी राखून ठेवलेली ही जागा आज आम्ही या प्रश्नासाठी खर्ची घालीत आहोत. तो प्रश्न असा : एका रोगाची साथ देशावर कोसळली असताना, दुसऱ्या रोगाशी जन्माची झुंज घेत असलेल्या माणसाच्या औषधाची जबाबदारी कोणाची? २०२० साली हा प्रश्न देशापुढे प्रत्यक्ष उभा राहिला होता. त्याचे उत्तर तेव्हा कसेबसे दिले गेले. कायमचे उत्तर अद्यापही दिले गेलेले नाही.

त्या दिवसांची आठवण आता पुसट होऊ लागली आहे. २२ मार्च २०२० च्या मध्यरात्री मुंबईची लोकल थांबली. या शहराने संप पाहिले, दंगली पाहिल्या, २६ जुलै २००५ चा प्रलय पाहिला, ११ जुलै २००६ चे बॉम्बस्फोट पाहिले. पण लोकलची चाके महिनोन्महिने रुतून बसल्याचे कधी पाहिले नव्हते. २४ मार्चच्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी दूरचित्रवाणीवरून राष्ट्राला उद्देशून भाषण केले आणि त्याच मध्यरात्रीपासून एकवीस दिवसांची टाळेबंदी पुकारली गेली. ती पुढे वाढत गेली. १५ जूनला लोकल पुन्हा धावू लागली ती केवळ अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी. सर्वसामान्य मुंबईकराला फलाटावर पाऊल ठेवण्यासाठी १ फेब्रुवारी २०२१ ची वाट पाहावी लागली, आणि तीही ठरावीक वेळांपुरती.

आता या चित्रात एक माणूस उभा करून पाहा. तो कल्पित आहे, पण त्याच्यासारखी माणसे या महानगरात हजारोंनी आहेत. तो नालासोपाऱ्यास राहतो, एखाद्या दुकानात नोकरी करतो, त्याला बायकामुले आहेत. दर महिन्याला एक दिवस रजा काढून तो लोकलने मुंबईतील एका मोठ्या रुग्णालयात येतो आणि तेथील एआरटी केंद्रातून महिन्याच्या गोळ्या घेऊन परत जातो. घराजवळच्या केंद्रात तो नाव का नोंदवीत नाही? कारण तेथे शेजारीपाजारी भेटतील, ओळखीचे कोणी पाहील, आणि वर्षानुवर्षे जपलेले गुपित एका दिवसात चव्हाट्यावर येईल. ज्या अंतराचा इतरांना जाच वाटावा, तेच अंतर या माणसाचे कवच आहे. २३ मार्चच्या सकाळी ते कवचच त्याचा तुरुंग झाले. गोळ्यांच्या डबीत आठ-दहा गोळ्या उरल्या आहेत, लोकल बंद आहे, रस्त्यावर नाकेबंदी आहे, आणि नाक्यावरचा हवालदार विचारतो आहे, “कुठे निघालात? कशासाठी? कागद दाखवा!” या माणसाजवळ कागद आहे. तो म्हणजे त्याची उपचार-पुस्तिका. पण ती दाखवावयाची म्हणजे जे बायकोच्या माहेरीही ठाऊक नाही ते भररस्त्यात परक्या माणसाला सांगावयाचे! न दाखवावी तर औषध नाही, आणि दाखवावी तर अब्रू नाही. या पेचातून सुटण्यासाठी कितीजणांनी घरी परत फिरून गोळ्या एक दिवसाआड घेण्यास प्रारंभ केला असेल, याची मोजदाद कोणत्याही सरकारी तक्त्यात सापडणार नाही.

‘चार दिवस गोळी चुकली तर असे काय बिघडते?’ असे विचारणारे सुशिक्षित लोक आम्हांला भेटले आहेत. त्यांच्यासाठी थोडा खुलासा करणे अवश्य आहे. एचआयव्हीचा विषाणू औषधाने शरीरातून समूळ नाहीसा होत नाही; तो दबून राहतो. रोजची गोळी हा त्याच्या मानेवर ठेवलेला पाय आहे. पाय उचलला की काही आठवड्यांतच तो डोके वर काढतो, रोगप्रतिकार करणाऱ्या पेशी पोखरू लागतो. याहूनही वाईट म्हणजे, औषध अधूनमधून मिळत गेले तर विषाणू त्या औषधाला सरावतो. मग तेच औषध त्या माणसावर लागू पडत नाही, आणि त्याच्याकडून ज्याला लागण होईल त्याच्यावरही लागू पडेनासे होऊ शकते. याउलट जो माणूस औषध नियमाने घेतो आणि ज्याच्या रक्तातील विषाणूचे प्रमाण चाचणीत सापडू नये इतके घटते, त्याच्यापासून लैंगिक संबंधातून दुसऱ्यास लागण होत नाही, हे विज्ञानाने निर्विवाद सिद्ध केले आहे. तात्पर्य, या रोगात औषधाइतकेच किंबहुना त्याहून अधिक महत्त्व त्याच्या सातत्याला आहे. अर्धे औषध म्हणजे अर्धी प्रकृती असे येथे गणित नाही.

हे सातत्य या देशात सहजासहजी उभे राहिलेले नाही. १९८६ साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातील पहिली लागण शोधून काढली. १९९२ साली राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजेच ‘नॅको’, स्थापन झाली. पण सरकारी रुग्णालयांतून मोफत औषधे मिळू लागण्यास १ एप्रिल २००४ हा दिवस उजाडावा लागला. प्रारंभीच्या आठ केंद्रांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाचा समावेश होता. मधल्या अठरा वर्षांत ज्यांनी केवळ औषध परवडत नाही म्हणून प्राण सोडले, त्यांची नावे आज कोणी घेत नाही. नॅकोच्या अंदाजानुसार २०१९ साली भारतात सुमारे २३ लाख ४९ हजार एचआयव्हीबाधित होते. त्यांपैकी जवळजवळ चार लाख एकट्या महाराष्ट्रात. संख्येच्या दृष्टीने हा भार देशातील सर्व राज्यांत आपल्याच राज्यावर अधिक होता. त्याच एका वर्षात या रोगाने देशात सुमारे ५९ हजार बळी घेतले. ही साथ कधीच संपलेली नव्हती. तिच्याबद्दल बोलण्याचा आपल्याला कंटाळा आला होता, इतकेच.

अशा स्थितीत करोना आला. त्या वेळी ज्यांनी आपले कर्तव्य बजावले त्यांना श्रेय न देणे हा कृतघ्नपणा होईल. २०२० च्या मार्चमध्येच नॅकोने तीन महिन्यांची औषधे एकदम द्यावीत अशा सूचना केंद्रांना धाडल्या. जो रुग्ण जेथे अडकला असेल तेथील केंद्रातून त्याला औषध मिळावे अशी मुभा दिली गेली. आणि जेथे सूचनांचा कागद पोहोचूनही औषध पोहोचत नव्हते, तेथे बाधितांच्याच संघटनांतील कार्यकर्ते दुचाकीवर, सायकलवर, प्रसंगी पायी निघाले आणि त्यांनी साध्या पिशव्यांतून, वर काही न लिहिता, गोळ्या घरपोच केल्या. या कार्यकर्त्यांपैकी अनेक स्वतः एचआयव्हीसह जगणारे होते. बाहेर पडणे त्यांनाही तितकेच धोक्याचे होते. टाळ्या आणि थाळ्या वाजल्या तेव्हा त्या त्यांच्यासाठीही होत्या, असे किती जणांच्या मनात आले असेल?

हा प्रश्न केवळ आपल्या देशापुरता नव्हता. मे २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांची एड्सविषयक संघटना यांनी एक इशारा दिला : आफ्रिकेच्या सहाराच्या दक्षिणेकडील भागात औषधोपचारात सहा महिने खंड पडला, तर २०२० ते २०२१ या काळात एड्सने पाच लाखांहून अधिक जादा माणसे मृत्युमुखी पडतील. जुलै २०२० मध्ये ७३ देशांनी आपल्याकडील औषधे संपण्याची भीती असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेस कळविले. या भीतीचा धागा थेट भारताशी जुळलेला होता. जगात वापरल्या जाणाऱ्या स्वस्त, जेनेरिक एचआयव्हीविरोधी औषधांपैकी ऐंशी टक्क्यांहून अधिक उत्पादन भारतातील अवघ्या आठ कंपन्यांच्या हाती असल्याचे त्याच सुमारास संयुक्त राष्ट्रांच्या संघटनेने दाखवून दिले होते. आपल्याकडील कारखान्यांचे कामगार घरी अडकले, विमाने व जहाजे थांबली, की त्याचा फटका मोझांबिकमधील आणि मलावीमधील रुग्णाला बसतो. जगाचे औषधालय म्हणून आपण मिरवतो, तेव्हा हे दायित्वही आपल्याच शिरावर येते.

सुदैवाने तो भयंकर इशारा तसाच्या तसा खरा ठरला नाही. जगात उपचार घेणाऱ्यांची संख्या २०२० मध्ये घटण्याऐवजी वाढली. पण म्हणून इशारा फोल होता असे म्हणणारा, धरण फुटू नये म्हणून रात्रभर खपलेल्या मजुरांना ‘धरण फुटलेच नाही, मग तुम्ही केलेत काय?’ असे विचारणाऱ्यांपैकी समजावा. धरण वाचले, पण कालवे कोरडे पडले. एड्स, क्षय व मलेरिया यांच्या निर्मूलनासाठी स्थापन झालेल्या जागतिक निधीच्या अहवालानुसार, तो ज्या देशांत काम करतो तेथे २०१९ च्या मानाने २०२० मध्ये एचआयव्हीच्या चाचण्या २२ टक्क्यांनी आणि प्रतिबंधक सेवा ११ टक्क्यांनी घटल्या. भारतातही त्या वर्षी चाचण्या कमी झाल्या. जो रुग्ण आधीच केंद्राच्या वहीत होता त्याच्यापर्यंत कोणी तरी पोहोचले; पण जो वहीत नव्हताच, ज्याला आपल्याला लागण झाली आहे हेच ठाऊक नव्हते, त्याच्यासाठी त्या काळात दार बंद होते. गर्भवती स्त्रीची चाचणी वेळेवर झाली तर बाळाला लागणीपासून जवळजवळ निश्चितपणे वाचविता येते. न झाली तर ते बाळ जन्मतःच हा भार घेऊन येण्याचा धोका राहतो. न झालेल्या चाचणीचा मृत्युदाखला निघत नाही. म्हणूनच तिची हानी कोणाच्या डोळ्यांत भरत नाही.

क्षयरोगाची कथा याहून निराळी नाही, आणि ती येथे सांगणे विषयांतरही नव्हे. कारण एचआयव्हीबाधितांचे सर्वाधिक बळी क्षयरोगच घेतो. भारतात २०१९ साली क्षयाच्या सुमारे २४ लाख रुग्णांची नोंद झाली होती; २०२० साली ती सुमारे १८ लाखांवर आली. क्षयरोग एका वर्षात एक चतुर्थांशाने घटला, असे समजण्याइतका भाबडेपणा कोणी करू नये. रोग घटला नाही. तो शोधणारे हात घटले. क्षयाच्या निदानासाठी घेतलेली यंत्रे करोनाच्या चाचण्यांकडे वळविली गेली, क्षयाचे कर्मचारी करोनाच्या घरोघरच्या पाहणीला जुंपले गेले. त्या वेळी तसे करणे भागही असेल. पण एका घरची चूल विझवून दुसऱ्या घरची पेटवावयाची, तर पहिल्या घरच्या माणसांच्या जेवणाची सोय कोणी करावयाची, हा प्रश्न आधी सुटला पाहिजे.

आणि ज्यांच्या घरची चूल प्रत्यक्षातच विझली त्यांचे काय? उपाशी पोटी या गोळ्या सोसवत नाहीत, असे रुग्ण सांगतात तेव्हा तो त्यांचा कांगावा नसतो. कामाठीपुऱ्यातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांचे उत्पन्न टाळेबंदीच्या पहिल्याच दिवशी शून्यावर आले. त्यांपैकी पुष्कळजणींकडे शिधापत्रिका नव्हती. ओळखीचा पुरावा न मागता त्यांना धान्य द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२० च्या सप्टेंबरात द्यावा लागला. त्यानंतर महाराष्ट्र शासनाने त्यांना दरमहा पाच हजार रुपयांचे साहाय्य जाहीर केले. मदत आली हे चांगलेच झाले; पण ती मार्चमध्ये नव्हे, हिवाळ्याच्या तोंडाशी आली, हे विसरता येत नाही.

याच काळात एक विलक्षण योगायोगही घडून आला. करोनावर औषध सापडत नव्हते तेव्हा एचआयव्हीवर वापरले जाणारे लोपिनाविर-रिटोनाविर हे संयुक्त औषध करोनाच्या रुग्णांना देऊन पाहण्यात आले. भारतातही त्याच्या मर्यादित वापरास अनुमती मिळाली होती. त्याचा उपयोग होत नाही असे दिसून आल्यावर जागतिक आरोग्य संघटनेने जुलै २०२० मध्ये त्या औषधाची आपली चाचणी थांबविली. म्हणजे संकट आले तेव्हा जगाचा हात प्रथम या उपेक्षित रुग्णांच्या औषधपेटीकडे गेला. परंतु त्या रुग्णांकडे लक्ष जाण्यास मात्र वेळ लागला. एचआयव्हीबाधितांना करोनाची तीव्र वा प्राणघातक बाधा होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी अधिक असतो, असा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेने प्रसिद्ध केला तेव्हा जुलै २०२१ उजाडला होता. भारतातील भीषण दुसरी लाट तोवर ओसरलीही होती!

‘सारा देश संकटात असताना एका वर्गाची तक्रार घेऊन बसणे योग्य आहे काय?’ असा आक्षेप आमच्यावर घेतला जाईल. प्राणवायूच्या नळकांड्यांसाठी माणसे रस्तोरस्ती धावत असताना शासनाने काय काय पाहावे, असेही विचारले जाईल. हा आक्षेप आम्ही हसण्यावारी नेत नाही. त्या महिन्यांत वैद्यकीय अधिकाऱ्यांनी, परिचारिकांनी, सफाई कामगारांनी जे केले ते या शहराच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी नोंदवावे असेच आहे. आमचा रोख त्यांच्यावर नाही. आमचे म्हणणे एवढेच की, संकटाच्या वेळी काय करावे हे संकटाच्या वेळी ठरवू लागले, की ज्याचा आवाज मोठा त्याचेच आधी ऐकू येते. आणि एचआयव्हीबाधिताला तर आवाजच नाही. कारण तोंड उघडले की नाव उघडे पडते. ज्याला मोर्चा काढता येत नाही, वर्तमानपत्रात आपल्या नावाने पत्र लिहिता येत नाही, नगरसेवकाच्या दारात उभे राहता येत नाही, त्याच्यासाठी कायद्यानेच बोलावयास हवे. मग कायदा काय बोलतो?

करोनाच्या काळात महाराष्ट्र शासनाने १३ मार्च २०२० पासून जो कायदा लागू केला तो १८९७ चा साथरोग कायदा. तो जन्मला याच शहरातील प्लेगमधून. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी प्लेगचे निदान केले आणि पुढच्याच फेब्रुवारीत परकीय सरकारने अवघ्या चार कलमांचा हा कायदा करून सर्व सत्ता आपल्या हाती घेतली. त्या सत्तेचा पुण्यात कसा वापर झाला, सोजिरांनी घरात शिरून कशा झडत्या घेतल्या, आणि त्याचा शेवट २२ जून १८९७ च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर कसा झाला, हे मराठी वाचकास सांगावयास नको. पण त्या इतिहासातील एक बोध आपण नेहमी विसरतो. झडतीच्या भीतीने लोक रोगी लपवू लागले; आणि लपविलेला रोगी हीच कोणत्याही साथीची सर्वांत सुपीक भूमी असते. तो कायदा सरकारला अधिकार देतो, रुग्णाला देत नाही. २०२० मध्ये त्यात दुरुस्ती झाली ती आरोग्यसेवकांवरील हल्ले रोखण्यासाठी. ती योग्यच होती. परंतु साथीच्या काळात इतर रुग्णांचे उपचार चालू राहिले पाहिजेत, असे एक वाक्य त्याच वेळी त्यात घालावे असे कोणासही सुचले नाही.

दुसरा कायदा आहे तो एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा. तो २०१७ साली संसदेने संमत केला व १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. बाधिताला नोकरीवरून काढता येणार नाही, शाळेत वा रुग्णालयात प्रवेश नाकारता येणार नाही, त्याच्या संमतीवाचून त्याची अवस्था उघड करता येणार नाही, अशी उत्तम कलमे त्यात आहेत. परंतु औषध पुरविण्याच्या चौदाव्या कलमाशी आपण येतो आणि तेथे थबकतो. बाधितांना निदानाच्या सोयी व औषधोपचार ‘शक्य असेल तेथवर’ पुरविण्याचे उपाय सरकारने योजावेत, असे ते कलम म्हणते. शक्य असेल तेथवर! संसदेत विधेयकावर चर्चा झाली तेव्हाच या शब्दांवर आक्षेप घेतला गेला होता. पण ते शब्द राहिले. सुबत्तेच्या काळात हे शब्द कोणाला टोचत नाहीत, कारण तेव्हा सारेच शक्य असते. त्यांची धार कळते ती संकटात. टाळेबंदीत ‘शक्य’ काय, हे ठरविणार कोण? नाक्यावरचा हवालदार? गोदामाचा कारकून? जे कलम संकटात उपयोगी पडत नाही ते छत्री फाटकी असल्यासारखेच आहे. ऊन पडले असताना ती कितीही डौलाने मिरविली तरी पाऊस काही तिला भीक घालीत नाही.

हा धोका करोनाबरोबर संपला असे कोणी मानीत असेल तर त्याने २०२२ चा जुलै महिना आठवावा. तेव्हा ना साथीचा जोर होता ना टाळेबंदी; तरीही औषधांच्या टंचाईमुळे हवालदिल झालेले एचआयव्हीबाधित दिल्लीत नॅकोच्या कार्यालयासमोर धरणे धरून बसले, आणि ते धरणे महिन्याहून अधिक काळ चालले. ज्यांना नाव सांगण्याची चोरी, ते चेहरा उघडा टाकून रस्त्यावर बसले, यावरून त्यांच्या पोटातील भीती किती खोल असेल ते ओळखावे. पुढे २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या नव्या अध्यक्षांनी परदेशी मदत एका फटक्यासरशी रोखली आणि आफ्रिकेतील कित्येक देशांत दवाखान्यांची दारे रातोरात बंद झाली. आपला एड्स नियंत्रण कार्यक्रम मुख्यतः आपल्याच तिजोरीतून चालतो, २०२१ ते २०२६ या टप्प्यासाठी केंद्राने १५,४७१ कोटी रुपयांहून अधिक तरतूद मंजूर केली, ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु खंड साथीने पडो, टेंडराच्या दिरंगाईने पडो की परक्या राजधानीतील स्वाक्षरीने पडो, रुग्णाच्या रक्तातील विषाणू कारण विचारीत नाही.

म्हणून आमच्या मागण्या मोजक्या व स्पष्ट आहेत. पहिली : २०१७ च्या कायद्यातील चौदाव्या कलमातून ‘शक्य असेल तेथवर’ हे शब्द काढून टाकावेत आणि औषधोपचार हा बाधिताचा निरपवाद हक्क करावा. दुसरी : ज्यांची प्रकृती स्थिर आहे अशा रुग्णांना तीन महिन्यांची औषधे एकदम देण्याची जी पद्धत संकटात अवलंबिली गेली, तीच सर्व केंद्रांचा कायमचा शिरस्ता व्हावी, आणि त्यासाठी पुरेसा राखीव साठा प्रत्येक केंद्राच्या गोदामात बारमाही असावा. तिसरी : साथरोगविषयक जो नवा कायदा वा नियम होईल त्यात एचआयव्ही, क्षय, कर्करोग, मूत्रपिंडाचे विकार अशा ज्या ज्या रोगांत उपचार थांबणे म्हणजेच प्राणाशी गाठ, त्यांची यादी असावी, आणि पर्यायी व्यवस्था केल्याखेरीज त्यांचे कर्मचारी, खोल्या वा यंत्रे अन्यत्र वळविण्यास मनाई असावी. चौथी : संचारबंदीत औषधासाठी बाहेर पडणाऱ्याला असा परवाना मिळावा की ज्यावर ‘औषधोपचारासाठी’ एवढाच शब्द असेल, रोगाचे नाव नसेल, आणि ते विचारण्याचा अधिकारही कोणाला नसेल. पाचवी : भेदभावाच्या तक्रारी ऐकण्यासाठी याच कायद्यान्वये प्रत्येक राज्याने लोकपाल नेमावयाचा आहे. आपल्या राज्यात त्याच्याकडे दाद कशी मागावयाची हे किती बाधितांना ठाऊक आहे? त्याचा पत्ता प्रत्येक केंद्राच्या भिंतीवर ठळक अक्षरांत लावण्यास काही कोटींची योजना लागत नाही. एक पाटी आणि चार खिळे पुरतात.

या मागण्यांपैकी एकही अशक्य कोटीतील नाही. त्यांतील बहुतेक गोष्टी २०२० मध्ये, सर्वांत कठीण काळात, कोणी ना कोणी करून दाखविलेल्या आहेत. जे माणुसकीच्या ऊर्मीने एकदा झाले ते नियमाने नेहमी व्हावे, इतकेच आमचे मागणे आहे. ऊर्मी थकते, नियम थकत नाही.

शेवटी दोन शब्द आमच्या वाचकांसाठी. हे पत्र वाचणारे बहुसंख्य लोक सुशिक्षित, पांढरपेशे, सहकारी गृहसंस्थांतून राहणारे आहेत. एड्स हा ‘त्या’ लोकांचा रोग, अशी त्यांतील कित्येकांची समजूत वर्षानुवर्षे कायम आहे. त्यांनी २०२० ची ती वसंतऋतूतील सकाळ आठवावी. परदेशाहून परतलेल्या सुशिक्षित, संभावित माणसांच्या डाव्या हाताच्या पाठीवर या राज्यात शिक्के मारले गेले होते. ज्या घरात करोना निघाला त्या इमारतीच्या फाटकाला टाळे लागले, दारावर कागद चिकटवला गेला, दूधवाला पायरी चढेनासा झाला, वीस वर्षांचा शेजारी जिन्यात तोंड फिरवून उभा राहिला. त्या वेळी आपल्याला काय वाटले होते? आम्ही काय गुन्हा केला, असेच ना? घरातील माणूस दगावला आणि चार खांदेकरीही मिळाले नाहीत, तेव्हा हुंदका कोणत्या शब्दांत फुटला होता?

वाचकहो, आपल्या वाट्याला ते दुःख काही आठवड्यांपुरते आले. हाच कागद काही लोकांच्या दारावर अदृश्य अक्षरांत गेली जवळजवळ चाळीस वर्षे चिकटवलेला आहे. त्यांची टाळेबंदी मार्च २०२० मध्ये सुरू झाली नव्हती आणि लोकल सुरू झाल्यावर संपलीही नाही. नालासोपाऱ्याच्या त्या माणसाला नाक्यावर पुस्तिका दाखविण्याची जी भीती वाटली, ती हवालदाराच्या दंडुक्याची नव्हती. ती तुमच्याआमच्या नजरेची होती. सरकारने औषध पोहोचवावे हे खरे. पण ते औषध भीतीवाचून घेता येईल असे जिने, असे वाडे, अशी कार्यालये निर्माण करण्याचे काम कोणतेही सरकार करू शकणार नाही. ते आपले आहे.

पुढची साथ केव्हा, कोठून येईल हे कोणी सांगू शकत नाही. ती येईल, एवढे मात्र इतिहास निश्चितपणे सांगतो. तेव्हा लोकल थांबेल, कदाचित रस्तेही थांबतील. पण त्या माणसाच्या डबीत गोळ्या असल्या पाहिजेत. एक दिवसाचाही खंड पडता कामा नये!